आवाजाची नोंद

मराठीत ‘ध्वनिमुद्रण’ हा शब्द ज्या कोणी प्रथम योजिला असेल, त्याने कळत वा नकळत एक मोठा विचार त्यात घालून ठेविला आहे. आवाज हा कानाचा विषय आणि मुद्रण हा डोळ्यांचा. जे कानावर पडून तत्क्षणी नाहीसे होते ते अक्षराप्रमाणे छापून ठेवता येईल, वाटेल तेव्हा पुन्हा उघडता येईल, असे आश्वासन हा शब्द देतो. इंग्रजांनी याच वस्तूला ‘रेकॉर्ड’ म्हटले. तो शब्द दप्तरखान्यातला. ज्यांची हयात फायलींत गेली अशा आपल्यापैकी पुष्कळांच्या तो चांगल्या परिचयाचा आहे. छापखाना आणि दप्तरखाना या दोन उपमांपैकी आवाजाला कोणती अधिक लागू पडते, हा प्रश्न वरवर पाहता शब्दच्छलाचा वाटेल. परंतु आवाज टिपण्याच्या कलेचा आरंभीचा बराचसा इतिहास या प्रश्नाभोवती फिरला आहे, असे आमचे मत झाले आहे.

हे मत होण्यास निमित्त घडले ते असे. गेल्या गणेशोत्सवात आमच्या येथील मंडळात जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या ऐकविण्याचा कार्यक्रम झाला. नंतर चहापानाच्या वेळी, हे यंत्र प्रथम कोणी काढले असे एका लहान मुलीने विचारले, आणि आम्ही आठ-दहा सुशिक्षित मंडळींनी एकमुखाने ‘एडिसन’ असे उत्तर दिले. उत्तर चुकीचे नव्हते. पण ते इतक्या चटकन आले की विचाराला जागाच उरली नाही. आपल्याकडील शालेय पुस्तकांनी व थोरांच्या चरित्रांनी शोधाची एक ठराविक गोष्ट करून ठेविली आहे. गरीब मुलगा, अपार कष्ट, एके रात्री लागलेला शोध आणि जगाचा जयजयकार. या साच्यात मनुष्य मोठा होतो, पण शोध लहान होतो. कारण यंत्र घडण्यापूर्वी माणसांनी आवाजापाशी काय मागितले होते, हे त्या गोष्टीत कोठेच येत नाही.

सुदैवाने त्या मागण्या लेखी आहेत. १८५७ ते १८७८ या एकवीस वर्षांत तीन माणसांनी या विषयावर तीन कागद लिहिले. पहिला पॅरिसमधील एका मुद्रितशोधकाचा, दुसरा तेथल्याच एका कवीचा आणि तिसरा अमेरिकेतील एका तारायंत्र जाणणाऱ्या कारागिराचा. पहिला मान कोणाचा, हा वाद सोडविण्यासाठी हे कागद आजवर पुष्कळ चाळले गेले आहेत. आम्ही ते वाङ्मय म्हणून वाचण्याचा येथे प्रयत्न करणार आहो. लिहिणाऱ्याने काय पाहिले, काय मागितले आणि कशाकडे त्याचे लक्ष गेले नाही, एवढेच पाहावयाचे आहे.

१

एदुआर-लेआँ स्कॉट द मार्तिन्व्हील याचा जन्म १८१७ सालचा. धंद्याने तो छापखान्यातला. विद्वानांच्या ग्रंथांची मुद्रिते तपासण्यात त्याचे दिवस जात. लघुलेखनाचे त्याला वेड होते, आणि त्या विद्येचा इतिहास सांगणारे एक पुस्तक त्याने १८४९ साली प्रसिद्ध केले होते. पुढे चार-पाच वर्षांनी शरीरशास्त्रावरील एका ग्रंथाचे काम त्याच्याकडे आले. छायाचित्रणाची कला तेव्हा नवीन होती. प्रकाशाला कागदावर उतरविता येते, तर कानाच्या रचनेची नक्कल करून आवाजालाही कागदावर का उतरवू नये, असा विचार त्याच्या मनात आला.

त्याने केलेले यंत्र समजण्यास अवघड नाही. एका मोठ्या कर्ण्यात बोलावयाचे. कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाला पातळ पडदा ताणून बसविलेला. आवाजाने तो थरथरतो. पडद्याला एक राठ केस चिकटविलेला. त्या केसाचे टोक काजळी धरलेल्या कागदावर टेकते. कागद एका नळकांड्यावर गुंडाळलेला असून नळकांडे हाताने फिरवावयाचे. माणूस बोलू लागला की काजळीत एक नागमोडी पांढरी रेघ उमटत जाते. या यंत्राला त्याने ‘फोनॉटोग्राफ’ असे नाव दिले. आवाजाने स्वतःस लिहावे, असा त्या नावाचा भाव. २६ जानेवारी १८५७ रोजी त्याने आपला विचार लिहून मोहोरबंद लखोट्यातून पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे ठेव म्हणून दिला, आणि त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात पेटंट घेतले.

हा पहिला कागद वाचताना लक्षात येते ते असे की, तो एका वाचणाऱ्या माणसाने लिहिला आहे. त्यात प्रश्नांची माळ आहे. मध्यरात्री लेखकाला सुचलेले, लेखणी हातात घेईपर्यंत विरून जाणारे, ते सकाळी जसेच्या तसे सापडेल काय? थोर नट मरतात आणि त्यांच्या वाणीचा मागमूस उरत नाही. पुढच्या पिढीसाठी त्यातले काही राखता येईल काय? हे प्रश्न यंत्रशास्त्राचे नव्हेत. ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे शब्द तपासले, आणि बोललेल्यातले किती थोडे छापलेल्यात उतरते हे ज्याने रोज पाहिले, त्या माणसाचे हे प्रश्न आहेत. मुद्रितशोधकाला स्वल्पविरामाची किंमत ठाऊक असते. तसेच स्वल्पविरामाच्या पलीकडचे जे काही बोलण्यात असते ते खिळ्यांत बसत नाही, हेही ठाऊक असते.

परंतु या कागदाचा दोषही तेथेच आहे. स्कॉटला आवाज परत ऐकावयाचा नव्हता. आपल्या रेघेतून ध्वनी पुन्हा निघावा, ही कल्पना त्याच्या मागणीत नाही. त्याला आवाज वाचावयाचा होता. लोक जसे लघुलिपी शिकतात, तसे ही नागमोडी रेघ वाचावयासही एक दिवस शिकतील, असा त्याचा भरवसा होता. तो फोल ठरला. एका शब्दाच्या उच्चारात इतके कंप एकमेकांत मिसळलेले असतात, की त्या रेघेवरून तो शब्द ओळखणे माणसाच्या डोळ्याला शक्य झाले नाही. रूडोल्फ केनिग या कुशल कारागिराने ती यंत्रे करून विकली आणि नादशास्त्राच्या प्रयोगशाळांना त्यांचा चांगला उपयोग झाला. पण वाङ्मयाची जी सेवा स्कॉटने कल्पिली होती, तिचा मागमूस त्याच्या हयातीत दिसला नाही.

तरी एक गोष्ट त्याने केली, आणि आमच्या मते ती त्याच्या कल्पनेपेक्षाही मोठी आहे. नळकांडे हाताने फिरविल्यामुळे रेघ कधी दाटे, कधी विरळ होई. तिच्यावरून आवाजाची खरी गती समजेना. म्हणून १८६० च्या प्रयोगांत त्याने आवाजाच्या रेघेशेजारी नादकाट्याची रेघ उमटविण्याची व्यवस्था केली. नादकाट्याचे कंप दर सेकंदाला ठरलेले असतात; म्हणजे शेजारची रेघ हे कालाचे मोजमाप झाले. असे कागद त्याने तारखा घालून अकादमीच्या स्वाधीन केले. त्यांपैकी ९ एप्रिल १८६० च्या एका कागदावर एका जुन्या फ्रेंच लोकगीताचा तुकडा आहे. तो कोणालाच वाचता आला नाही. पण तो दप्तरी दाखल झाला.

२

दुसरा कागद शार्ल क्रो याचा. १८४२ साली जन्मलेला हा गृहस्थ फ्रेंच काव्याच्या अभ्यासकांना कवी म्हणून परिचित आहे; त्याचा पहिला संग्रह १८७३ चा. रंगीत छायाचित्राची रीत त्याने १८६९ साली मांडली. योगायोग असा की त्याच वेळी ड्युको द्यु ओराँ नावाच्या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थानेही तीच मांडली. इतर ग्रहांवर प्रकाशाच्या खुणांनी निरोप पाठविता येईल असेही त्याने लिहून ठेविले आहे. अशा माणसाच्या हातून आवाजाविषयी उतरलेला कागद कल्पनांनी ओथंबलेला असेल, अशी कोणाचीही अपेक्षा होईल.

प्रत्यक्षात तो कागद कायद्याच्या मसुद्यासारखा कोरडा आहे. एप्रिल १८७७ मध्ये लिहिलेला आणि ३० एप्रिल रोजी अकादमीकडे ठेविलेला हा मजकूर थोडक्या ओळींचा आहे. त्याचा आशय असा की, काजळीवर उमटलेली रेघ छायाचित्राच्या कृतीने कठीण धातूवर कोरून घ्यावी, आणि मग त्या कोरलेल्या खाचेतून एक टोक फिरवावे. ते टोक पडद्याला जोडलेले असले म्हणजे पडदा पूर्वीसारखाच हलेल, आणि पूर्वीचाच आवाज निघेल. स्कॉटची रेघ एकाच दिशेने जाणारी होती. क्रोने ती उलट फिरविली. आवाजाने रेघ झाली. आता रेघेने आवाज व्हावा. इतकी साधी आणि इतकी मोठी ही पायरी आहे, आणि कवीने ती एकही विशेषण न वापरता सांगितली आहे.

या कोरडेपणाचे आम्हांस प्रथम नवल वाटले. पण विचारांती त्यातच कवीचा खरा स्वभाव दिसला. ज्याला खरोखर काही हवे असते तो मागणे थोडक्यात करतो. आपल्या यंत्राला त्याने जे नाव योजिले ते मात्र कवीचेच आहे. ‘पालेओफोन’, म्हणजे गतकाळाचा आवाज. स्कॉटच्या नावात लेखन आहे. क्रोच्या नावात काळ आहे. गेलेले परत यावे, एवढीच त्याची मागणी.

त्याच्यापाशी पैसा नव्हता, कारागीर नव्हता, आणि यंत्र काही झाले नाही. अमेरिकेतील प्रयोगांच्या वार्ता कानी येऊ लागल्यावर त्याने आपला लखोटा फोडण्याची विनंती केली. तो ३ डिसेंबर १८७७ रोजी अकादमीत उघडून वाचण्यात आला. त्याच आठवड्यात अटलांटिकच्या पलीकडे मेन्लो पार्कच्या कारखान्यात खरोखरीचे यंत्र तयार होत होते. क्रो १८८८ साली, वयाची सेहेचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच वारला. फ्रान्समध्ये १९४७ साली त्याच्या नावाने एक अकादमी स्थापन झाली, आणि उत्तम ध्वनिमुद्रिकांना ती पारितोषिके देते. ज्याने एकही मुद्रिका केली नाही, त्याच्या नावाने मुद्रिकांचा गौरव व्हावा, यात आम्हांस विसंगती वाटत नाही.

३

आता एडिसन. १८७७ साली त्याचे वय तीस होते. तारेचे संदेश कागदावर उठवून ते पुन्हा पाठविण्याचे एक यंत्र, आणि टेलिफोनची सुधारणा, अशी दोन कामे त्याच्या हाती होती. संदेशाच्या खुणा कागदावर उठवून पुन्हा चालविता येतात, तर बोलण्याच्या का नाही, हा त्याचा मार्ग. जुलै महिन्यात मेण लावलेल्या कागदावर त्याने पहिले प्रयोग केले, आणि डिसेंबरच्या आरंभी जॉन क्रूसी या त्याच्या कारागिराने यंत्र पुरे केले. चर पाडलेल्या नळकांड्यावर कथलाचा पातळ वर्ख गुंडाळावयाचा, दांडा फिरवीत पडद्यासमोर बोलावयाचे, पडद्यामागची टोचणी वर्खावर खोल-उथळ ठसे उठविते. मग नळकांडे मागे नेऊन टोचणी पुन्हा त्याच ठशांवरून फिरविली की यंत्र बोलते. एडिसनने एक बालगीत म्हटले व ते परत ऐकले. ७ डिसेंबरला हे यंत्र न्यूयॉर्कच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ पत्राच्या कचेरीत जाऊन बोलून आले. २४ डिसेंबरला पेटंटाचा अर्ज गेला आणि १९ फेब्रुवारी १८७८ रोजी पेटंट मिळाले. एडिसनला कमी ऐकू येई, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ज्याचा कान अधू, त्याच्या हातून आवाज परत आला.

येथपर्यंत चरित्रकार आमच्या बरोबर आहेत. आम्हांस रस आहे तो त्याच्या कागदात. १८७८ च्या मे-जूनच्या ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या मासिकात त्याने या यंत्राच्या भवितव्यावर एक लेख लिहिला. यंत्राच्या उपयोगांची त्यात सांगितलेली यादी पुढे फार प्रसिद्ध झाली. पहिला उपयोग कोणता असावा? पत्रे सांगणे, लघुलेखकाशिवाय कचेरीचा मजकूर तोंडी देणे! त्यानंतर अंधांसाठी बोलकी पुस्तके, मग वक्तृत्वाचे शिक्षण, आणि मग चौथ्या क्रमांकावर संगीत. पुढे कुटुंबातील माणसांच्या आठवणी व मरणाऱ्याचे अखेरचे शब्द, खेळणी, वेळ सांगणारी घड्याळे, भाषांच्या उच्चारांचे जतन, शिक्षकांची व्याख्याने, आणि शेवटी टेलिफोनशी जोडणी.

ही यादी वाचताना आमच्यासारख्या कारकुनी पेशात मुरलेल्या माणसाला हसू आल्यावाचून राहत नाही. कवीचा कागद कोरडा, आणि यंत्रज्ञाचा कागद मात्र फुलबाजीसारखा, स्वप्नांच्या ठिणग्या उडविणारा. तरीही त्या स्वप्नांत अग्रभागी बसला आहे तो कचेरीतला साहेब! एडिसनला आवाज कामाला लावावयाचा होता. पळून जाणाऱ्या ध्वनींना पकडून आणून त्यांच्याकडून चाकरी घ्यावी, असा त्याच्या लेखाचा एकंदर सूर आहे. यात क्षुद्रपणा आहे असे आम्ही म्हणत नाही. उपयोगाचा इतका विस्तृत विचार ना स्कॉटने केला ना क्रोने. आणि अंधांची आठवण तर या एकट्यालाच झाली. परंतु उपयोग पाहणाऱ्या डोळ्याला लोकांची आवड दिसतेच असे नाही. १८८९ साली सॅनफ्रान्सिस्कोत नाणे टाकून गाणे ऐकण्याची यंत्रे सुरू झाली, आणि कचेरीतील कामापेक्षा लोकांनी गाण्याला पैसे मोजले. यादीतला चौथा उपयोग पहिला झाला.

या कागदातली सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. त्यात जतनाची भाषा आहे, पण जतनाची काळजी नाही. कथलाचा वर्ख चार-दोनदा वाजविला की निकामी होई. एडिसनने डिसेंबर १८७७ मध्ये टिपलेले ते पहिले बालगीत आज कोठेही नाही. लोक जे त्याचे पहिले शब्द म्हणून मोठ्या आदराने ऐकतात, ते त्याने पन्नास वर्षांनी, १९२७ साली, सुवर्णमहोत्सवासाठी पुन्हा म्हटलेले आहेत. क्रूसीला दिलेल्या आराखड्यावर १२ ऑगस्ट १८७७ ही जी तारीख दिसते, तीदेखील मागाहून घातलेली असल्याचे संशोधकांनी दाखविले आहे. मागची तारीख घालणे याला कचेरीच्या भाषेत काय म्हणतात, हे वाचकांस सांगावयास नको.

४

तिन्ही कागद वाचून झाल्यावर पुढील हकीकत थोडक्यात सांगता येईल. एडिसन विजेच्या दिव्याकडे वळला आणि यंत्र काही वर्षे पडून राहिले. चिचेस्टर बेल व चार्ल्स टेन्टर यांनी १८८६ साली वर्खाच्या जागी मेण आणले. १८८७ साली एमिल बर्लिनरने ग्रामोफोनचे पेटंट घेतले. त्याच्या आरंभीच्या कृतीत काजळीवरची रेघ होती, ती छायाचित्राच्या रीतीने धातूवर कोरणे होते आणि टोक खोल-उथळ न जाता आडवे हलत होते. म्हणजे ज्या तबकड्या आम्ही मंडळात ऐकल्या, त्यांची वंशावळ एडिसनच्या नळकांड्यापेक्षा स्कॉटच्या रेघेशी आणि क्रोच्या लखोट्याशी अधिक जवळची आहे. आमच्या त्या एकमुखी उत्तरातील उणीव ती हीच.

स्कॉटने १८७८ साली एक छोटे पुस्तक काढले. वाणीने स्वतःस लिहावे हा जो प्रश्न, तोच त्याचा विषय होता. पुस्तक कडवट आहे. आपले श्रेय गेले, याचे दुःख त्यात आहे, आणि देशबांधवांना विनवणीही आहे. पण त्यातील एक आक्षेप विचार करण्याजोगा आहे. तो म्हणतो त्याचा भावार्थ असा की, एडिसनचे यंत्र आवाजाची पुनरावृत्ती करते, लेखन करीत नाही. मग त्याला ध्वनिलेखक हे नाव का? जगाने या आक्षेपाची गणना मत्सरात केली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८७९ मध्ये, स्कॉट वारला. बासष्टावा वाढदिवस नुकताच झाला होता.

यानंतर एकशे एकोणतीस वर्षांनी जे घडले ते कोणा कथाकाराने लिहिले असते, तर आम्ही त्यास अतिरंजित म्हटले असते. २००८ साली अमेरिकन संशोधकांनी अकादमीच्या दप्तरातील ते काजळीचे कागद बाहेर काढविले, त्यांची अतिशय सूक्ष्म छायाचित्रे घेतली, आणि संगणकाकडून ती रेघ तपासून घेऊन तिचा आवाज केला. १८६० सालच्या त्या लोकगीताचे दहा-एक सेकंद जगाने ऐकले. प्रथम तो एखाद्या मुलीचा आवाज वाटला. नादकाट्याचे कंप मोजण्याच्या जुन्या फ्रेंच रीतीचा अर्थ चुकला होता, त्यामुळे गती दुप्पट झाली होती. दुसऱ्या वर्षी चूक सुधारली, तेव्हा तो संथपणे गाणाऱ्या पुरुषाचा, बहुधा खुद्द स्कॉटचा, आवाज निघाला. २०१५ साली युनेस्कोने हे कागद जगाच्या स्मृतिसंग्रहात नोंदविले.

या घटनेत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या रेघेला सुईने कोणी स्पर्श केला नाही. ती पाहण्यात आली आणि पाहूनच तिचा आवाज झाला. म्हणजे स्कॉटची रेघ अखेर वाचली गेली. माणसाच्या डोळ्याने नव्हे, एवढाच फरक. बोलणाऱ्या यंत्राचे पहिले बोल हरवले आणि मुक्या यंत्राचे राहिले, याचे कारण शोधू गेले तर ते प्रतिभेत सापडत नाही. स्कॉटने तारीख घातली, शेजारी मोजमापाची रेघ काढली, आणि कागद जेथे सुरक्षित राहील तेथे दाखल केला. चुकीचा अर्थ लावला गेला तेव्हा त्याच मोजमापाने तो दुरुस्तही केला. प्रारंभी आम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येथे मिळाले. आवाजाचे मुद्रण हे खरेच. पण नोंदीवाचून ते टिकत नाही. छापखान्याला दप्तरखान्याची जोड लागते.

५

आता आपल्या घराकडे वळू. स्कॉटने ज्यांच्यासाठी हळहळ व्यक्त केली, तसे नट आपल्याकडेही झाले. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्याविषयी आपल्या जुन्या लेखकांनी किती विशेषणे खर्च केली असतील! पण भाऊराव १९०१ च्या फेब्रुवारीत वारले, आणि ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यास येऊन गौहरजानची गाणी टिपू लागला तो १९०२ च्या नोव्हेंबरात. मध्ये दोन वर्षांचेही अंतर नाही. भाऊरावांविषयीची आपली समीक्षा आता कायमची विशेषणांवर उभी आहे. ती विशेषणे खरी की खोटी, हे पडताळण्यास काही साधन नाही. भास्करबुवा बखल्यांच्या बाबतीत तर काळाचे निमित्तही सांगता येत नाही. ते १९२२ पर्यंत हयात होते, गावोगावी तबकड्या वाजत होत्या, तरी त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आज ऐकावयास मिळत नाही.

गौहरजान गाणे संपताच आपले नाव मोठ्याने उच्चारीत असे. तबकड्या छापण्यासाठी साचे जर्मनीत हानोव्हरला जात. तेथील कामगारांना गाणाऱ्याची ओळख पटावी म्हणून ही रीत पडली होती. पुष्कळांना ते हास्यास्पद वाटते. आम्हांस ते स्कॉटच्या नादकाट्यासारखे वाटते. आवाजाने स्वतःबरोबर आपली नोंदही नेली. आणखी एक उदाहरण आपल्या पेशाला जवळचे आहे. भारतीय भाषांची पाहणी करणारे ग्रियर्सन हे सनदी नोकर होते. त्या पाहणीला जोड म्हणून १९१३ नंतर प्रांतोप्रांतीच्या सरकारांकरवी निरनिराळ्या भाषांच्या व बोलींच्या बोलण्याचे नमुने ग्रामोफोनवर टिपण्यात आले. एडिसनच्या यादीतला आठवा उपयोग, भाषांच्या उच्चारांचे जतन, तो असा सरकारी कागदपत्रांच्या वाटेने आपल्या देशात आला. ते नमुने आज उपयोगी पडतात, कारण कोणती भाषा, कोठला माणूस, याची नोंद त्यांच्याबरोबर आहे.

येथे एक गोष्ट आम्हांस स्वतःविषयी कबूल केली पाहिजे. आमच्या वडिलांची शंभराहून अधिक पत्रे आम्ही एका ट्रंकेत तारीखवार लावून ठेविली आहेत. बदलीमागून बदली झाली, सामान कमी-जास्त झाले, पण ती ट्रंक आम्ही कधी नजरेआड होऊ दिली नाही. घरात टेपरेकॉर्डरही होता. त्यावर आम्ही रेडिओवरील नाट्यपदे तासन्‌तास टिपीत असू, आणि मध्ये कोणी बोलले तर रागावत असू. वडील गेल्यावर पुष्कळ वर्षांनी त्यांतील एक फीत लावली, तेव्हा दोन पदांच्या मधल्या जागेत, जरा दुरून, त्यांचा आवाज ऐकू आला. ‘जेवायला चला रे,’ एवढेच. त्या तीन शब्दांत त्यांचा वऱ्हाडी हेल होता. तो त्या शंभर पत्रांत कोठे नव्हता, कारण पत्रे ते शुद्ध पुस्तकी मराठीत लिहीत. तो आवाज टिपला गेला तो आम्ही रागावलो असताना, चुकून. फितीवर वर्ष नाही, गावही नाही. आम्ही त्या वेळी कोठल्या बिऱ्हाडात होतो, ते आता सांगता येत नाही. ज्यांनी आयुष्यात हजारो कागदांवर तारीख घातली, त्यांच्या हातून त्या एका फितीवर ती घालावयाची राहिली.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मंडळींनी मराठी जपली ती बहुतांशी छापील. ग्रंथालये काढली, नियतकालिके चालविली, नाटकांच्या संहिता जपल्या. हे सारे योग्यच झाले. हे मासिकही त्याच खटपटीचे फळ आहे. परंतु आपल्या घरांतून जी मराठी बोलली जाते तिच्यात आजीची कोकणी वळणे आहेत, आईचा नागपुरी हेल आहे, आणि मुलांच्या बोलण्यात शेजारच्या हिंदी-बंगालीचा सूर आहे. अशी मराठी कोणत्याही पुस्तकात नाही, आणि ती बोलणारी पिढी गेली की ती पुन्हा ऐकू येणार नाही. आपली समीक्षाही छापील अक्षरावर पोसलेली असल्यामुळे तिच्या कक्षेत हे बोलणे येतच नाही. भाषेच्या ऱ्हासावर आपण लेख लिहितो, आणि जी भाषा शेजारच्या खोलीत बोलली जात आहे तिच्याकडे आपले लक्ष नसते.

साधनांची वाण आता राहिलेली नाही. स्कॉटने जे मागितले, क्रोने ज्याची आस धरली आणि एडिसनने जे हिशेबात मांडले, ते सारे आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. उणीव आहे ती मागण्याची. वडीलधाऱ्या माणसांना जवळ बसवून, त्यांच्या लग्नाची, पहिल्या बदलीची, जात्यावरच्या ओव्यांची हकीकत त्यांच्याच तोंडून ऐकावी आणि ती टिपावी. टिपण्यापूर्वी बोलणाऱ्याचे नाव, वय, मूळ गाव, आजचे गाव आणि तारीख मोठ्याने उच्चारावी, आणि कागदावरही लिहावी. पाच ओळींचे काम आहे. आपल्या वाचकांस ते शिकविण्याची आवश्यकता नाही. येत्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाने तबकड्यांच्या कार्यक्रमाबरोबर असा एक दिवस ठेवण्याचे ठरविले आहे. मंडळातील सर्वांत वृद्ध बाईंनी प्रथम बोलावयाचे आहे, आणि ज्या मुलीने यंत्राविषयी विचारले होते तिने नोंदवही धरावयाची आहे.